‘कानात कायतरी होतंय’ याला कोड कोणता लावायचा?

आमचे आप्पा इचलकरंजीत चौतीस वर्षं यंत्रमागावर होते, त्यातली शेवटची अठरा जॉबर म्हणून. रविवारी फोन केला की आमचं बोलणं ठरलेलं. मी नेहमीच्या आवाजात सुरुवात करते. “जरा मोठ्यानं बोल की.” मी आवाज चढवते. “ऐकायलाच येईना.” आणखी चढवते. “अगं वरडतीस कशाला, भैरा हाय व्हय मी?” ‘ऐकू येत नाही’ आणि ‘कान फुटले’ या दोन्हींच्या मधे माझ्या आवाजाला उभं राहायला जागाच नसते.

या प्रकाराला नाव आहे. ऑडिटरी रिक्रूटमेंट. दोन्ही कानांचं असेल तर विम्याच्या कागदांवर त्याचा ठरलेला कोड एच९३.२१३. हा कोड मी अमेरिकेतल्या अनोळखी म्हाताऱ्यांच्या चार्टवर दोन वर्षं लावत होते. आमच्या घरातल्या रविवारच्या भांडणाचं हेच नाव आहे हे माझ्या डोक्यात त्यानंतर आलं.

मी बीएचएमएस. इचलकरंजीतच दीड वर्ष दवाखाना चालवला, म्हणजे तो चालला नाही. मग पुण्यात येऊन मेडिकल कोडिंग शिकले, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून निदानांना विम्याच्या क्लेमसाठी ठरलेले कोड लावायचं काम, आणि त्याची सीपीसी ही परीक्षा दिली. आता अकरा वर्षं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा विभागांचे चार्ट वाचतेय, आणि गेली चार वर्षं दुसऱ्यांनी लावलेले कोड तपासतेय. टीममध्ये नवीन मुलं आली की दर खेपेला कानांच्या एकाच गटात त्यांचे गुण कापले जातात. तो गट म्हणजे एच९३.२, ‘इतर विकृत श्रवणसंवेदना’. तेच तेच तोंडी सांगून कंटाळले, म्हणून लिहून काढतेय. कोडचं पहिलं अक्षर स्क्रीनवर इंग्रजी असतं, इथे मी ते देवनागरीत लिहितेय. कोडच्या शेवटी आडवी रेघ दिसली तर पुढे आणखी अंक हवा असं समजा.

आधी कपाट बघून घ्या

एच९३.२ हे कपाट आहे आणि त्याला सहा खण आहेत. २१ रिक्रूटमेंट, २२ डिप्लाक्युसिस, २३ हायपरअॅक्युसिस, २४ कानाचा उंबरठा (म्हणजे ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज) तात्पुरता सरकणं, २५ सेंट्रल ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, आणि २९ ‘इतर’. नुसता एच९३.२ किंवा नुसता एच९३.२९ पाठवला तर क्लेम तपासणीआधीच परत येतो, कारण तो अपुरा आहे. सहावा अंक कानाचा असतो: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ९ म्हणजे कुठला ते लिहिलेलं नाही. अपवाद एकच, एच९३.२५. तो पाच खुणांवरच पूर्ण होतो, कारण बिघाड कानात नसून मेंदूच्या वाटेवर असतो, आणि तिथे डावं-उजवं विचारण्यात अर्थ नसतो. सवयीने त्याला ३ चिकटवणारं कुणीतरी दर बॅचमध्ये असतंच.

अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडांची यादी १ ऑक्टोबर २०१५ ला लागू झाली. त्याआधीच्या आयसीडी-९ मध्ये यातला बहुतेक मामला ३८८.४ खाली होता आणि कान कुठला हे कुणी विचारत नसे. जुन्या डॉक्टरांच्या नोट्समध्ये आजही कानाची बाजू गायब असते, त्यामागे ही सवय असावी असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये तर यातले बहुतेक प्रकार एच९३.२ या एकाच कोडात कोंबलेले आहेत. त्यामुळे भारतातल्या एखाद्या कागदावर नुसता एच९३.२ दिसला तर तो चूक नाही. अमेरिकन क्लेमवर मात्र चूक आहे.

पहिला प्रश्न: आवाज बाहेर आहे का?

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक याच प्रश्नावर झाली. नोकरीचं पहिलं वर्ष. एका निवृत्त माणसाचा चार्ट होता, तक्रारीच्या रकान्यात परिचारिकेने लिहिलं होतं, ‘नसलेले आवाज ऐकू येतात, रात्री जास्त’. मी धडाधड टाइप करत होते, तासाला किती चार्ट याचं गणित डोक्यात. आर४४.० लावला आणि पुढे गेले. आर४४.० म्हणजे श्रवणभास. खाली दोन स्क्रीन उतरले असते तर डॉक्टरांच्या निदानात स्वच्छ दिसलं असतं: दोन्ही कानांत टिनिटस. म्हणजे कान वाजणे, एच९३.१३. त्या बिचाऱ्याच्या कानात रातकिडे किरकिरत होते आणि मी त्याच्या नोंदीवर मानसिक आजाराची शंका चिकटवली. ऑडिटमध्ये सापडलं म्हणून सुटले. असा कोड एकदा नोंदीत शिरला की माणसाच्या मागे पुढच्या प्रत्येक डॉक्टरकडे, प्रत्येक विमा कंपनीकडे जातो.

म्हणून आधी तीन ढीग करा. बाहेर काहीच वाजत नाही पण कानात शिट्टी, गुंजारव, कुकरच्या वाफेसारखा आवाज येतो: टिनिटस, एच९३.१-, आणि तो नाडीच्या ठोक्याबरोबर धकधकत असेल तर वेगळा कोड, एच९३.ए-, जो ऑक्टोबर २०१६ पासून आहे. बाहेर काहीच नाही पण माणसं बोलताना किंवा कुणी हाक मारताना ऐकू येतं: तो भास, आर४४.०, तोही डॉक्टरांनी तसं म्हटलं तरच, आणि स्किझोफ्रेनियासारखं निदान आधीच असेल तर वेगळा आर४४.० लावायचाच नाही, तो त्या आजारातच धरलेला असतो. बाहेर खरा आवाज आहे पण तो कानाला भलताच वाटतो: हा आपला एच९३.२.

एच९३.२ च्या खाली श्रवणभासासाठी ‘एक्स्क्लूड्स दोन’ अशी टीप आहे. तिचा अर्थ ‘हे दोन कधीच एकत्र नकोत’ असा नाही. अर्थ एवढाच की भास इथे धरलेला नाही. एकाच माणसाला दोन्ही असतील आणि डॉक्टरांनी दोन्ही लिहिले असतील तर दोन्ही कोड जातात. टिनिटस आणि हायपरअॅक्युसिस तर बऱ्याचदा जोडीने येतात, त्यांनाही एकत्र लावायला आडकाठी नाही.

रुग्णाच्या वाक्यातून खण ओळखा

निदान डॉक्टरांनी करायचं, आपण नाही. पण नोट वाचताना कुठे काय बसतंय हे कळलं नाही तर डॉक्टरांना नेमका प्रश्नही विचारता येत नाही.

रिक्रूटमेंट वर आलंच. हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि थोडा वाढला की एकदम अंगावर येतो. आतल्या कानाच्या केसपेशी झिजल्या की हे होतं, म्हणून सोबत जवळजवळ नेहमी श्रवणऱ्हास असतो. रिपोर्टमध्ये आकडे बघा. आप्पांचा ४००० हर्ट्झला ऐकू येण्याचा उंबरठा ६५ डेसिबल, आणि ‘आता नको’ म्हणून हात वर केला ९५ ला. म्हणजे मोकळी जागा फक्त ३० डेसिबल. चांगल्या कानाला साधारण शून्य ते वीसच्या आसपास आवाज लागायला सुरुवात होते आणि शंभरच्या आसपास नकोसा होतो. मागाच्या गोंगाटाचा पहिला घाव ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो, त्यामुळे तक्त्यात तिथे खड्डा दिसतो. कानांच्या तज्ज्ञांनी ‘दोन कानांतला आवाजाचा समतोल’ किंवा एक-एक डेसिबलच्या टप्प्यांची सीसी (एसआयएसआय) चाचणी केली असेल तर तेही रिक्रूटमेंटच्या शोधातच.

हायपरअॅक्युसिस वेगळं. इथे श्रवण अगदी नॉर्मल असू शकतं, पण रोजचे साधे आवाज सोसत नाहीत. स्टीलचं ताट ओट्यावर ठेवलं, कुकरची शिट्टी झाली, फरशीवरून खुर्ची ओढली, की माणूस कळवळतो. अमेरिकन नोट्समध्ये हेच डिशवॉशर रिकामा करण्याच्या रूपात येतं. मराठीत ‘हलक्या कानाचा’ म्हणजे दुसराच अर्थ, नाहीतर या आजाराला ते नाव किती शोभलं असतं. नवी मुलं रिक्रूटमेंट आणि हायपरअॅक्युसिस एकाच मापाने तोलतात, कारण दोन्हीकडे ‘मोठा आवाज सहन होत नाही’ हे वाक्य असतं. मी त्यांना विचारते, हळू आवाजाचं काय? तिथेच उत्तर मिळतं.

डिप्लाक्युसिस क्वचित दिसतं आणि दिसलं की मी चार्ट दोनदा वाचते, कारण तक्रार करणारा बहुधा गाण्या-वाजवण्यातला असतो. एकच स्वर एका कानाला बरोबर लागतो आणि दुसऱ्याला उतरलेला. तंबोरा जुळवताना उजव्या कानाने षड्ज मिळाला म्हणावं तर डाव्याने तो बेसूर. कोडात बाजू मागतात ती बिघडलेल्या कानाची. ‘दोन्ही कानांत फरक जाणवतो’ एवढ्यावर ३ लावू नका. फरक जाणवायला दोन कान लागतातच, बिघडलेला बहुतेकदा एकच असतो. डॉक्टरांनी सांगितलेलं नसेल तर विचारा.

उंबरठा तात्पुरता सरकणं, एच९३.२४-, याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कानठळ्या बसणे. विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर तीन तास नाचून आलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी सगळं कापसातून ऐकू येतं, मग हळूहळू ओसरतं. तिकडे हीच गोष्ट कॉन्सर्टनंतर किंवा नेमबाजीच्या मैदानानंतर येते. इथे दोन गोष्टी. एक, कानाच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच टीप आहे की कारण बाहेरचं असेल तर बाह्यकारणाचा कोड मागून जोडा. आवाजासाठी तो डब्ल्यू४२.९एक्सएक्सए, पहिल्या उपचाराच्या वेळी. दोन, ‘तात्पुरता’ हा शब्द डॉक्टरांच्या हातचा हवा. आवाजाने कायमचा ऱ्हास झाला असेल तर खणच बदलतो: एच८३.३एक्स१, २ किंवा ३.

‘कानाला दडे बसलेत’ ही तक्रार मात्र या कपाटातली नाही. कान भरल्यासारखा, जड वाटणं हे साधारणपणे एच९३.८एक्स- मध्ये जातं.

सेंट्रल ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर म्हणजे कान ठीक, आवाज आत पोचतो, पण त्याचे शब्द होत नाहीत. शाळकरी मुलांचे चार्ट असतात. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, सरळ रेषेत, आणि वर्गात पंखा नि गलका असला की ‘काय? काय म्हणालात?’ शब्द-बहिरेपणासुद्धा याच कोडात येतो. एच९३.२५ आणि एफ८०.२, म्हणजे भाषा समजण्या-बोलण्याचा मिश्र विकार, हे एकत्र चालत नाहीत. इथे टीप ‘एक्स्क्लूड्स एक’ अशी आहे, दोघांतला एकच. मुलाच्या फाइलमध्ये वाचातज्ज्ञाने एफ८०.२ लिहिलाय आणि श्रवणतज्ज्ञाने एच९३.२५, असं बरेचदा सापडतं. त्या दिवशीच्या भेटीत, त्या भेटीच्या डॉक्टरांनी काय ठरवलं तेच घ्यायचं. जुन्या भेटीतून निदान उसनं आणायचं नाही.

आणि राहिला ‘इतर’चा खण. नव्या मुलांची सगळी अडगळ इथे असते. खरं तर इथे बसणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: ‘आवाज येतो पण शब्द उलगडत नाहीत’ अशी भेदक्षमतेची तक्रार, किंवा आवाज विकृत येतो एवढंच लिहून डॉक्टर थांबले असतील ते. कोडपुस्तकाच्या इंडेक्समध्ये ‘अॅबनॉर्मल’खाली ‘ऑडिटरी परसेप्शन’ शोधलं की एच९३.२९- मिळतो, आणि त्याच ओळीखाली बाकीच्यांतल्या चौघांकडे बोट दाखवलेलं असतं. बोट दाखवलेल्या ठिकाणी जाऊन आल्याशिवाय २९ घेऊ नका. एच९३.२९९ हा शेवटी दोन नऊ असलेला कोड माझ्या ऑडिटमध्ये आला की मी चार्ट उघडतेच. तो म्हणतो, कुठला प्रकार ते नेमकं ठाऊक नाही आणि कुठला कान तेही ठाऊक नाही. मग रुग्ण आला होता कशाला?

कान कुठला

बाजू नोटमध्ये वर नसेल तर खाली उतरा. शारीरिक तपासणी, ऑडिओग्राम, परिचारिकेची नोंद. आजार काय आहे हे डॉक्टरांनीच लिहायला हवं, पण त्याची बाजू त्यांनी लिहिली नसेल तर इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदीवरून घेता येते, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. नोंदींत परस्परविरोध असेल तर मात्र डॉक्टरांनाच विचारायचं. ऑडिओग्रामवर तांबडं वर्तुळ उजवा कान, निळी फुली डावा. स्कॅन काळापांढरा आला तरी वर्तुळ-फुली शिल्लक असते, म्हणून आकार पाठ करा, रंग नको. एडी, एएस, एयू ही लॅटिन आद्याक्षरं आली तर उजवा, डावा, दोन्ही. डोळ्यांच्या ओडी, ओएस, ओयूशी यांची गल्लत होते. हाताने लिहिलेल्या नोटमध्ये ए आणि ओ मधला फरक डॉक्टरांच्या अक्षरावर सोडलेला असतो, आणि डॉक्टरांच्या अक्षराबद्दल मी काय सांगावं, मीही त्यातलीच.

एक्स्क्लूड्स एक: इथे पाय घसरतो

गटातला सगळ्यात अवघड भाग हा. श्रवणऱ्हासाचे दोन मोठे गट आहेत, एच९० आणि एच९१. एच९१ च्या माथ्यावर ‘एक्स्क्लूड्स एक’ टीप आहे आणि तिच्यात एच९३.२- चं नाव आहे. एच९० च्या माथ्यावरच्या टिपेत ते नाही.

याचा व्यवहारात अर्थ बघा. साठीतली बाई, दोन्ही कानांचा संवेदी-चेतासंबंधी (म्हणजे आतल्या कानाचा किंवा त्याच्या नसेचा) ऱ्हास, सोबत रिक्रूटमेंट, दोन्ही डॉक्टरांनी लिहिलेत. एच९०.३ आणि एच९३.२१३ दोन्ही लावा, चालतं. हीच बाई, पण डॉक्टरांनी ‘वार्धक्यजन्य श्रवणऱ्हास’ म्हणजे प्रेसबायक्युसिस लिहिलं, तर कोड एच९१.१३, आणि आता एच९३.२१३ शेजारी बसत नाही. नुसतं ‘ऐकू कमी येतं’ लिहून एच९१.९- झाला तरी तेच. बाई तीच, कान तेच, डॉक्टरांनी कुठला शब्द उचलला त्यावर दुसरा कोड राहतो किंवा गळतो. अशा वेळी संगणकाने लाल झेंडा दाखवला म्हणून दोन्हींपैकी हाताला येईल तो पुसून टाकू नका. भेटीचं मुख्य कारण काय होतं, आणि दोन्ही गोष्टी खरोखर एकमेकींपासून वेगळ्या आहेत का, हे बघून गरज असेल तर डॉक्टरांना प्रश्न पाठवा.

आप्पांसारख्याचं आणखी एक. आवाजाने झालेला ऱ्हास एच८३.३ मध्ये जातो आणि तो एच९० आणि एच९१ दोघांच्याही वर्ज्य यादीत आहे. म्हणजे ‘गोंगाटामुळे दोन्ही कानांचा संवेदी ऱ्हास’ असं लिहिलेलं असलं तरी एच८३.३एक्स३ आणि एच९०.३ ही जोडी लावायची नाही. एच८३.३एक्स३ घ्या, आणि कामाच्या जागचा गोंगाट लिहिलेला असेल तर झेड५७.० जोडा. दर १ ऑक्टोबरला नवं पुस्तक लागू होतं, तेव्हा या टिपा चालू वर्षाच्या यादीत एकदा डोळ्यांखालून घाला. मागच्या वर्षीच्या पाठांतरावर काम करणारे माझ्याकडे ऑक्टोबरात हमखास सापडतात.

‘शक्यता’, ‘संशय’, ‘वाटतं’

बाह्यरुग्ण नोटमध्ये ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’ लिहिलेल्या निदानाला कोड नाही. ‘हायपरअॅक्युसिसची शक्यता’ म्हणजे एच९३.२३- नव्हे, त्या भेटीत जी लक्षणं नक्की लिहिलीत त्यांचा कोड.

उलटंही खरं. कारण सापडलं आणि लक्षण त्याच कारणात मुरलेलं असेल तर लक्षण वेगळं मोजायचं नाही. उजव्या कानाने सगळं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं म्हणून एक जण आला, आत मळाचा बोळा निघाला, काढल्यावर सगळं ठीक. एच६१.२१, बस. त्यावर एच९३.२९१ चढवणं म्हणजे एका मळाचे दोन आजार करणं.

बेल्स पाल्सीचं मात्र जरा थांबून बघा. चेहऱ्याची नस लुळी पडली की तिच्याच एका फांदीवर चालणारा स्टेपीडियस नावाचा कानातला इवलासा स्नायूही सैलावू शकतो. हा स्नायू मोठ्या आवाजाला लगाम घालतो, तो सुटला की त्या बाजूला आवाज टोचायला लागतात. पण प्रत्येक बेल्स पाल्सीत असं होत नाही. म्हणून डॉक्टरांनी हायपरअॅक्युसिस मुद्दाम वेगळं नोंदवलं असेल तर जी५१.० सोबत एच९३.२३१ किंवा २३२ लावायला हरकत नाही. नोंदवलं नसेल तर ‘असेलच’ म्हणून आपल्या मनाने लावायचं नाही.

चाचणी नॉर्मल आली तर? रुग्ण तक्रार घेऊन आला होता, म्हणून तक्रारीचाच कोड. झेड०१.१० हा काहीच तक्रार नसलेल्या, निव्वळ तपासणीला आलेल्या माणसासाठी आहे. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, तर चाचणी कशासाठी केली हेच आधी बघतं. केवळ श्रवणयंत्र बसवण्यासाठी केलेली तपासणी त्यांच्याकडे बसत नाही. ‘यंत्रासाठी आले’ या एका वाक्याने अख्खा क्लेम पडू शकतो, जरी रुग्णाला खरोखर कान वाजण्याचा त्रास असला आणि डॉक्टरांना तो तपासायचा असला तरी.

चाचण्यांच्या सीपीटी कोडांवर वेगळं लिहावं लागेल. इथे एवढंच की निदान आणि चाचणी एकमेकांशी बोलली पाहिजेत. ९२६२५ हा टिनिटसच्या मूल्यमापनाचा कोड आहे, त्याच्याखाली एकटा एच९३.२५ दिसला तर कुणीतरी झोपेत होतं. सेंट्रल प्रोसेसिंगच्या पहिल्या तासाच्या चाचण्यांचा कोड ९२६२०.

डॉक्टरांनी काय लिहावं, आणि आपण काय विचारावं

हा भाग माझ्या बॅचच्या त्या मित्रमैत्रिणींसाठीही आहे जे आता कानांचे दवाखाने चालवतात. डॉक्टर ‘कानाची तक्रार, तपासणी नॉर्मल’ लिहितात आणि आम्ही पुण्यात बसून कपाळाला हात लावतो. चार ओळी पुरतात. रुग्णाचं वाक्य त्याच्याच शब्दांत. कुठला कान. कधीपासून, सतत की अधूनमधून, आणि कशाने सुरू झालं: औषध, आवाज, आजार, पडणं. रोजच्या जगण्यात काय अडतंय. हायपरअॅक्युसिसची चौदा प्रश्नांची प्रश्नावली किंवा टिनिटसची पंचवीस प्रश्नांची, शून्य ते शंभर गुणांची प्रश्नावली भरून घेतली असेल तर गुण लिहा, ‘प्रश्नावली भरली’ एवढं नको. नकोशा आवाजाची पातळी मोजली असेल तर दोन्ही कानांचे आकडे. आणि शेवटी निदानात एक नक्की शब्द. ‘अॅबनॉर्मल परसेप्शन’ हा शब्द नक्की नाही, तो आमचा ‘इतर’चा खण आहे.

कोडरने प्रश्न पाठवताना उत्तर तोंडात कोंबायचं नाही. ‘हे हायपरअॅक्युसिस आहे, कृपया लिहावं’ असा प्रश्न पाठवला तर ऑडिटमध्ये माझ्याकडून शून्य. मी साधारण असं लिहायला लावते: ‘१२ तारखेच्या नोंदीत रुग्णाला भांड्यांचे आवाज दोन्ही कानांना सोसत नाहीत असं म्हटलं आहे. ऑडिओग्राम नॉर्मल मर्यादेत, नकोशा आवाजाची पातळी उजवीकडे ७० व डावीकडे ७५ डेसिबल. निदानात ‘विकृत श्रवणसंवेदना’ असं आहे. आपल्या वैद्यकीय निर्णयानुसार हे अधिक नेमकं करता येईल का? हायपरअॅक्युसिस, रिक्रूटमेंट, अन्य काही, नेमकं करता येत नाही.’ पैशाचा उल्लेख कुठेही नाही, कुठल्या कोडने क्लेम पास होईल याचा तर नाहीच. उत्तर ‘नेमकं करता येत नाही’ असं आलं तर मुकाट्याने एच९३.२९३ लावायचा. तेव्हा तो खरा असतो.

आप्पांना मागच्या दिवाळीत मी तपासायला नेलं. त्यांच्याकडे यंत्र आधीपासून होतं, पण ते चार दिवसांत डब्यात गेलं होतं. ‘माग परत सुरू केल्यावानी वाटतंय’ असं म्हणायचे. पहिल्या रिपोर्टवर एकच ओळ होती, दोन्ही कानांचा संवेदी ऱ्हास. तो कागद बघून यंत्रवाल्याने आवाज वाढवला होता. वाढवणारच, कागदावर दुसरं काही नव्हतं. या वेळी मी डॉक्टरांना म्हटलं, नकोशा आवाजाची पातळी मोजा आणि आकडा लिहा. त्यांनी मोजली, ‘रिक्रूटमेंट’ हा शब्दही लिहिला, आणि तो कागद बघून यंत्राच्या कमाल आवाजाला वरून टोपण बसवलं गेलं. हळू आवाज पुरेसे वाढतात, मोठे तिथेच थांबतात.

आता यंत्र कानात असतं. आई कुकर लावायला उठली की तेवढं विचारतात, “किती शिट्ट्या?” आणि ती तीन म्हणाली की उठून अंगणात जातात.